टेबलाची कड जुळत का नाही?

प्रश्न : मुलीच्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेसाठी स्थिरचित्रांचे नमुने जमवत असताना फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांचे ‘सफरचंदांची टोपली’ हे तैलचित्र छापील स्वरूपात पाहिले. त्यातील टेबलाची डावीकडची आणि उजवीकडची कड एका रेषेत येत नाही, बाटलीही एका बाजूला कललेली आहे. मी शाळेत असताना नेमक्या अशाच चुकीबद्दल आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी माझा कागद वर्गासमोर फाडला होता. मग सेझान यांची हीच चूक थोर कशी ठरते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपला कागद फाडायला नको होता, हे आधी लिहितो. चूक दाखवण्यासाठी पेन्सिलीची एक रेघ पुरली असती.

आता चित्राकडे वळू. हे चित्र सुमारे 1893 मधले, 65 सेंटिमीटर उंच आणि 80 सेंटिमीटर रुंद आहे. डावीकडे सफरचंदांनी भरलेली, पुढे झुकलेली टोपली, मध्ये गडद बाटली, उजवीकडे बशीत एकमेकांवर आडवीउभी रचलेली लांबट बिस्किटे, आणि पुढे चुरगळलेल्या पांढऱ्या कापडाच्या घड्यांत अडकलेली सफरचंदे. आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तर आहेतच, शिवाय बाटलीच्या दोन बाजू एकमेकींसारख्या नाहीत, आणि बिस्किटांच्या रचनेत खालचे थर समोरून पाहिल्यासारखे तर वरचे थर किंचित वरून पाहिल्यासारखे दिसतात.

सेझान यांना सरळ रेघ जमत नव्हती, असे म्हणता येत नाही. 1870 च्या आसपास त्यांनी रंगवलेले काळ्या संगमरवरी घड्याळाचे स्थिरचित्र पाहिले, तर त्यातील आडव्या-उभ्या रेषा किती कडक आणि ठाम आहेत हे लगेच लक्षात येते. ‘सफरचंदांची टोपली’ रंगवताना त्यांनी पन्नाशी ओलांडलेली होती. एरवी चित्रावर सही करण्याबाबत उदासीन असलेल्या या चित्रकाराने या चित्रावर डाव्या कोपऱ्यात सही केली आहे, आणि 1895 मध्ये आंब्रवाझ व्होलार या चित्रविक्रेत्याने पॅरिसमध्ये भरवलेल्या त्यांच्या पहिल्या एकल प्रदर्शनात ते मांडले गेले होते. ज्या चित्राबद्दल मनात शंका आहे, त्यावर माणूस सही कशाला करील?

सपाट कागदावर अंतर आणि खोली दाखवण्याच्या ज्या पद्धतीला परीक्षेत आपण यथार्थदर्शन म्हणतो, तिचे नियम पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये बांधले गेले आणि इटालियन वास्तुविशारद व लेखक आल्बेर्ती यांनी 1435 मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. त्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : पाहणाऱ्याचा एकच डोळा, एकाच जागी, अजिबात न हलता रोखलेला आहे. प्रत्यक्षात कोणी असे पाहत नाही. आपण टोपलीकडे पाहतो तेव्हा मान थोडी झुकते, बशीकडे वळतो तेव्हा खांदाही वळतो, आणि दर वेळी टेबलाची पातळी डोळ्यांना थोडी वेगळी भासते. सेझान दिवसेंदिवस त्याच मांडणीसमोर उभे राहत आणि प्रत्येक वस्तूला तिच्या वाट्याचे पाहणे देत. त्या अनेक पाहण्यांची एकच सरासरी काढून कड सरळ करण्याऐवजी त्यांनी ती पाहणी कॅनव्हासवर शेजारी शेजारी राहू दिली, असा या न जुळणाऱ्या कडेचा अर्थ मला लागतो.

दुसरे कारण तोलाचे आहे, आणि माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे. टोपली पुढे झुकल्यामुळे सफरचंदे आपल्या अंगावर घरंगळत येतील असे वाटते. त्या घसरणीला कललेली बाटली कण्यासारखी अडवते, उजवीकडची उचललेली पातळी तिला उलट बाजूने पेलते, आणि कापडाच्या घड्या टेबलाची पुढची कड झाकून दोन्ही बाजूंचा सांधा जुळवतात. त्यातली एक गोष्ट ‘दुरुस्त’ केली तर बाकीच्या साऱ्या पडतील. टोपलीखाली ठेवलेला ठोकळाही चित्रात स्पष्ट दिसतो. म्हणजे टोपलीचा कल मुळात मांडणीतच होता आणि टेबलाचा कल कॅनव्हासवर आला, हे दोन कल वेगवेगळे ओळखावेत.

रंगाबद्दलही थोडे सांगतो, कारण छापील प्रतीत ते हरवते. फळाला गोलाई देण्यासाठी सेझान एका बाजूला काळपट छटा चढवत नाहीत. पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे लहान लहान फटकारे शेजारी ठेवून ते उष्ण रंगांनी फळाचा फुगवटा पुढे आणतात आणि शीत रंगांनी त्याची कड मागे नेतात. त्यामुळे ते सफरचंद हातात घेतल्यास जड लागेल असे वाटते.

मुलीला मात्र परीक्षेत यथार्थदर्शनाप्रमाणेच काढू द्या, कारण तेथे एका जागेवरून नेमके पाहता येते का, हेच तपासतात. परीक्षा झाल्यावर घरी एक प्रयोग करा : टेबलावर तांब्या, ताटली आणि चार फळे मांडून तिला अर्धे चित्र एका खुर्चीवरून आणि अर्धे हातभर सरकून काढायला सांगा. टेबलाची कड कुठे तुटते, हे तिला स्वतःच्या कागदावर दिसेल.

प्रश्न : सेझान यांना एका स्थिरचित्राला इतका वेळ लागत असेल, तर फळे सडत नसत का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : सडत असत. फुले तर त्याहून लवकर कोमेजत, म्हणून ते पुष्कळदा कागदी फुले वापरत. सफरचंद बरेच दिवस टिकते, हे त्यांच्या आवडीचे एक साधे, व्यावहारिक कारण आहे. व्होलार यांनी लिहून ठेवले आहे की, स्वतःच्या व्यक्तिचित्रासाठी त्यांना 115 वेळा बसावे लागले, आणि एकदा डुलकी लागून ते खाली पडले तेव्हा, सफरचंदासारखे स्थिर बसायला हवे, सफरचंद कधी हलते का, असे सेझान त्यांच्यावर रागावले. मांडणीतही ते तितकेच काटेकोर होते. एका तरुण चित्रकाराने त्यांना फळांखाली नाणी सरकवून एकेका फळाचा कल ठरवताना पाहिले होते.

प्रश्न : ‘सफरचंदांची टोपली’ हे चित्र प्रत्यक्ष कोठे पाहता येईल?
– एक वाचक, शिकागो

उत्तर : आपल्याच शहरात, मिशिगन अव्हेन्यूवरील आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात ते 1926 पासून आहे. ते दालनात लावलेले आहे ना, याची आधी चौकशी करून जा. चित्रासमोर उभे राहिल्यावर एक डोळा मिटून, हात लांब धरून, बाटली बोटाने झाका आणि टेबलाची डावी व उजवी बाजू पाहा, मग बोट काढा.