जीवशास्त्रासाठी रसायनशास्त्र किती लागते आणि ते कोठून सुरू करावे?

तुमचा प्रश्न असा आहे की बारावीनंतर तुम्ही जीवशास्त्र घेतले, परंतु पहिल्या वर्षाच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण अणू, बंध आणि सामू (pH) यांनी भरलेले निघाले. रसायनशास्त्राची धास्ती जुनीच आहे, तेव्हा तो विषय आता पुन्हा मुळापासून शिकावा लागेल का, आणि लागणार असेल तर सुरुवात कोठून करावी. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो आणि हीच धास्ती घेऊन आलेले विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संपूर्ण रसायनशास्त्र लागत नाही. पहिल्या वर्षाच्या जीवशास्त्राला जे लागते ते बहुतेक सगळे एकाच प्रश्नातून निघते: या रेणूतील इलेक्ट्रॉन कोणत्या अणूकडे अधिक ओढले गेले आहेत, आणि त्यामुळे हा रेणू पाण्यात कसा वागेल? पेशीच्या वस्तुमानाचा सुमारे ७० टक्के भाग पाणी असते आणि पेशीतील बहुतेक घडामोडी त्या पाण्यात किंवा त्याच्या काठावर घडतात. म्हणून माझा आग्रह असा आहे की आवर्तसारणी पाठ करण्यापासून सुरुवात करू नका, पाण्याच्या रेणूपासून करा.

त्यासाठी चार मूलद्रव्ये पुरेशी आहेत. ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन मिळून माणसाच्या शरीराचे सुमारे ९६ टक्के वस्तुमान होते. दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात तेव्हा सहसंयुज बंध तयार होतो, पण ही वाटणी समान असतेच असे नाही. सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या अणूच्या प्रवृत्तीला विद्युतऋणता म्हणतात. लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीवर आज ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४, नायट्रोजनची ३.०४, कार्बनची २.५५ आणि हायड्रोजनची २.२० धरली जाते. हे चार आकडे मात्र लक्षात ठेवाच. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातील फरक थोडा आहे, म्हणून त्यांचा बंध जवळजवळ समतोल असतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातील फरक मोठा आहे, म्हणून त्या बंधात ऑक्सिजनच्या बाजूला अंशतः ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला अंशतः धन प्रभार येतो. पाण्याचा रेणू सरळ रेषेत नसून १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असल्यामुळे हे प्रभार एकमेकांना रद्द करत नाहीत, आणि संपूर्ण रेणूच ध्रुवीय होतो.

एका रेणूचा किंचित धन हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या किंचित ऋण ऑक्सिजनकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. याचा परिणाम केवढा आहे हे पाहायचे असेल तर ओहोटीच्या वेळी कांदळवनाच्या कडेला उभे राहा. त्या काळ्या चिखलातून जो उग्र वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. या रेणूची रचना पाण्यासारखीच आहे, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक आहे. त्याचे रेणुवस्तुमान ३४, म्हणजे पाण्याच्या १८ पेक्षा जवळजवळ दुप्पट. जड रेणू उशिरा उकळावा ही आपली अपेक्षा असते, पण हायड्रोजन सल्फाइड उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि पाणी १०० अंशांना. गंधकाची विद्युतऋणता कमी असल्यामुळे त्याच्या रेणूंमध्ये म्हणण्यासारखे हायड्रोजन बंध होत नाहीत, म्हणून तो वायू होऊन आपल्या नाकापर्यंत पोहोचतो आणि पाणी खाडीतच राहते.

येथे एक गोंधळ वेळीच दूर करावा. पाणी उकळते तेव्हा रेणूच्या आतले ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तुटत नाहीत, तर रेणूरेणूंमधले हायड्रोजन बंध तुटतात. आतला बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे कणांची एक ठरावीक, फार मोठी संख्या) सुमारे ४६० किलोज्यूल लागतात, बाहेरच्याला सुमारे २० पुरतात. हा दुर्बळ बंधच जीवशास्त्राला अधिक महत्त्वाचा आहे. किनाऱ्यावर रापण ओढताना एका माणसाच्या जोराने जाळे हलतही नाही, पण सगळे दोराला लागले की ते वाळूवर येते, आणि काम झाले की प्रत्येकाला हात सोडता येतो. डीएनएच्या दोन साखळ्या अशाच असंख्य दुर्बळ बंधांनी एकत्र राहतात, ॲडेनिन व थायमिन यांच्यात दोन आणि ग्वानिन व सायटोसिन यांच्यात तीन, आणि प्रत तयार करण्याच्या वेळी पेशीला त्या सहज सोडवता येतात. हे बंध सहसंयुज असते तर साखळ्या कधी उलगडल्याच नसत्या.

आयनिक बंधाविषयीही असेच सांगावे लागते. शिरोड्याच्या मिठागरात पाणी आटले की सोडियम आणि क्लोराइड आयन एकमेकांना घट्ट धरून कठीण स्फटिक बनवतात, त्यामुळे हा बंध फार बळकट असतो असे विद्यार्थी लिहितात. कोरड्या मिठात ते खरे आहे. पाण्यात मात्र ध्रुवीय रेणू प्रत्येक आयनाभोवती गोळा होतात आणि दोन विरुद्ध प्रभारांमधले आकर्षण सुमारे ८० पटींनी कमी होते. पेशीच्या आत आयनिक बंध दुर्बळ बंधांच्याच रांगेत बसतो.

ज्या रेणूंत मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन असतात त्यांच्याकडे पाण्याला धरण्यासारखा प्रभार नसतो. तेलाला पाण्याचा तिटकारा असतो असे समजू नका. पाण्याच्या रेणूंना आपापसातले हायड्रोजन बंध टिकवायचे असतात आणि मध्ये आलेल्या तेलाभोवती त्यांची मोकळीक कमी होते, म्हणून तेलाचे रेणू एकत्र ढकलले जातात. पेशीपटलाचा दुहेरी थर याच कारणाने आपोआप उभा राहतो. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते, कारण त्यातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त, म्हणजे सरळ साखळीची असतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. बांगड्याच्या चरबीत दुहेरी बंध असलेली, वाकलेली मेदाम्ले पुष्कळ असल्यामुळे ती त्या तापमानाला पातळ राहते. पेशीपटल किती प्रवाही असेल हे ठरवणारा नियमही हाच आहे. प्रकरण पुढे येईल तेव्हा तो नव्याने पाठ करावा लागणार नाही.

आता सामू, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे हे हायड्रोजन आयनांवरून सांगणारा आकडा. येथे विद्यार्थी सर्वांत जास्त अडखळतात, म्हणून मी सर्वांत जास्त वेळ येथेच देतो. शुद्ध पाण्यात २५ अंशांना, एका लिटरमध्ये हायड्रोजन आयन असतात एका मोलाचा एक कोटीवा भाग. एक कोटी म्हणजे १ वर ७ शून्ये, म्हणून सामू ७. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणारे सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही पद्धत मांडली, ती अशा अडचणीच्या लहान संख्या सुटसुटीत लिहिता याव्यात म्हणून. ही मोजणी लघुगणकी असल्यामुळे सामू एका अंकाने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती दहापट होते आणि तीन अंकांनी उतरला की हजारपट. माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो, तर समुद्राच्या पाण्याचा सुमारे ८.१ असतो.

हा आकडा सजीवांच्या दृष्टीने इतका निर्णायक का आहे, हे माशाच्या कालवणातून उत्तम समजते. समुद्रातील माशांच्या शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचा रेणू असतो, तो वासहीन असतो आणि माशाच्या प्रथिनांची घडी सांभाळायला मदत करतो. मासा मेल्यावर जीवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि शिळ्या माशाचा तो परिचित वास याचा. या रेणूतील नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते, ती हायड्रोजन आयन पकडू शकते. पकडला की रेणूवर धन प्रभार येतो. प्रभारित रेणूला पाणी घट्ट धरून ठेवते, तो हवेत जाऊ शकत नाही, आणि जे हवेत जात नाही त्याचा वास येत नाही. सामू सुमारे ९.८ असताना यातील निम्मे रेणू प्रभारित आणि निम्मे अप्रभारित असतात. सामू ७ वर आला तर सुमारे ६०० रेणूंमागे एकच अप्रभारित उरतो. समजा आमसुले घालून सामू ४ पर्यंत उतरला, तर तोच हिशेब सुमारे ६ लाखांमागे एक असा होतो, म्हणजे उडून जाऊ शकणारे रेणू आणखी हजारपट कमी झाले. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असते, ते हायड्रोजन आयन पुरवते. बाकीचे काम नायट्रोजनचे. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही रीत आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेचे इतके स्वच्छ उदाहरण आहे की मला वर्गात दुसरे शोधावेसे वाटत नाही.

हाच हिशेब प्रथिनांना लावा. प्रथिनांच्या अमिनो आम्लांवर असेच हायड्रोजन आयन घेणारे आणि सोडणारे गट असतात. सामू बदलला की त्यांचे प्रभार बदलतात, प्रभार बदलले की घडी सांभाळणारे दुर्बळ बंध सुटतात, आणि विकराचे (एन्झाइमचे) काम थांबते. आम्लता वाढली की विकर निकामी होतात, हे वाक्य तुम्ही पाठ केले असेल. त्यामागे एवढेच घडत असते. बफर द्रावणे हे बदल सावरतात. रक्तात ते काम मुख्यतः कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांची जोडी करते, कारण ती गरजेप्रमाणे हायड्रोजन आयन देऊ शकते आणि परतही घेऊ शकते.

ऊर्जेविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती मार्गदर्शिकांतही चुकीची छापलेली आढळते. एटीपी, म्हणजे पेशीला कामासाठी ऊर्जा पुरवणारा रेणू, त्यामधला बंध तुटल्यामुळे ऊर्जा बाहेर पडते, असे कधीही लिहू नका. कोणताही बंध तोडायला ऊर्जा खर्चच करावी लागते. एटीपीची पाण्याशी अभिक्रिया होऊन एडीपी आणि फॉस्फेट तयार होतात तेव्हा नवे बंध जुळतात, जवळजवळ दाटलेले ऋण प्रभार दूर होतात, पाणी त्या उत्पादितांना अधिक चांगले धरते, आणि या सगळ्याचा जमाखर्च मांडल्यावर प्रमाणित परिस्थितीत मोलमागे सुमारे ३० किलोज्यूल मुक्त ऊर्जा उपलब्ध होते. हे एकदा नीट समजले की श्वसनाचे प्रकरण खूप सोपे जाते.

कक्षकांचे आकार, संकरणाचे प्रकार, कार्बनी अभिक्रियांची लांबलचक नावे हे सारे आत्ता बाजूला ठेवा. जैवरसायनशास्त्र आले की त्यातले लागेल तेवढे त्या वेळी शिकता येते. मोल ही कल्पना मात्र टाळता येत नाही, आणि ती वाचून कळत नाही, हिशेब करूनच कळते. तुमच्या पहिल्या काही प्रात्यक्षिकांपैकी एकात बहुधा तांबड्या रक्तपेशी निरनिराळ्या मिठाच्या द्रावणांत टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या असतील. त्याआधी घरी बसून पुढचा हिशेब करा: लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ विरघळवले, मिठाचे रेणुवस्तुमान ५८.४४, तर किती मोल झाले, आणि प्रत्येक मोलातून विरघळलेले कण किती निघाले? रक्तद्रवात असे कण किलोग्रॅम पाण्यामागे सुमारे २९० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांच्या एका मोलाचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिऑस्मोल) असतात, समुद्राच्या पाण्यात सुमारे १,०००. या दोन आकड्यांशेजारी आपले उत्तर लिहा, आणि पेशी सलाइनमध्ये (म्हणजे याच ९ ग्रॅमच्या द्रावणात) का टिकते, समुद्राच्या पाण्यात का आक्रसते आणि विहिरीच्या गोड्या पाण्यात का फुटते, हे परासरणाची व्याख्या न उघडता स्वतःच्या शब्दांत लिहून पाहा. तुमचे उत्तर ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास यायला हवे. ते १५४ आले असेल, तर मीठ विरघळल्यावर त्याचे दोन आयन होतात हे हिशेबात धरायचे राहिले आहे.