परदेशातल्या बालवर्गाचं वर्ष संपताना

या महिन्याच्या टपालात बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत. नाशिकची मुलं-मुली दुबई, सिंगापूर, टोकियोच्या बालशाळांत शिकवायला गेली, वर्षाचा करार संपत आला, आता आवराआवर कशी करायची? जाताना सगळे सल्ले देतात, परतताना कोणी देत नाही. निवडक चार पत्रांना आमच्या सल्लागार मंडळाने दिलेली उत्तरं इथे देत आहोत. मंडळात बालशिक्षणातले आणि करसल्ल्यातले जाणकार आहेत.

प्रश्न : माझी मुलगी दुबईत ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत चार वर्षांच्या मुलांना शिकवते. २६ ऑगस्टला रुजू झाली. शाळा जुलैच्या पहिल्या आठवड्यात संपते आणि तिला लगेच घरी यायचंय. ग्रॅच्युइटी मिळेल का? येताना कोणते कागद आणायचे? (एक आई, इंदिरानगर, नाशिक)

तिकीट काढण्याआधी तिला करारपत्र काढायला सांगा. शिकवण्याचा शेवटचा दिवस आणि नोकरीचा शेवटचा दिवस या दोन वेगळ्या तारखा असतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीला सलग एक वर्षाची नोकरी पूर्ण व्हावी लागते. करार २५ ऑगस्टपर्यंत असेल आणि उन्हाळ्याची सुट्टी पगारी असेल, तर ती जुलैत घरी येऊनही वर्ष पूर्ण होतं. पण उत्साहाच्या भरात तिने राजीनाम्यात '४ जुलैपासून' असं लिहिलं, तर जेमतेम सव्वादहा महिने भरतात आणि ग्रॅच्युइटी शून्य. राजीनाम्यात कराराची शेवटचीच तारीख लिहावी आणि नोटिशीचे दिवस त्या तारखेपासून मागे मोजावेत. वर्षात बिनपगारी रजा घेतली असेल तर तेवढे दिवस नोकरीत धरले जात नाहीत. दहा दिवस बिनपगारी गेले, तर वर्ष दहा दिवसांनी लांबतं.

रक्कम किती? एका वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. मूळ, एकूण नव्हे. समजा महिन्याला ७,००० दिरहम हातात येतात, पण करारात मूळ पगार ४,००० आहे आणि बाकीचे घरभाडं-प्रवासाचे. मग ४,००० भागिले ३०, गुणिले २१, म्हणजे २,८०० दिरहम. एकूण पगारावर हिशेब करून ४,९०० ची वाट पाहत बसाल तर उगीच शाळेशी भांडण होईल. न घेतलेल्या वार्षिक रजेचे पैसेही मूळ पगारावरच मिळतात. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळा हिशेब चुकता करणं मालकावर बंधनकारक आहे. परतीच्या तिकिटाचा खर्चही सहसा मालकाचाच असतो. मात्र तिने तिथेच दुसरी नोकरी धरली, किंवा तिच्याच कारणाने करार मोडला, तर तो हक्क जातो.

वर्क परमिट रद्द करताना एका कागदावर सही घेतात. त्यावर 'माझं सर्व येणं मिळालं' अशा अर्थाची ओळ असते. पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करायची नाही. 'आज सही करा, उद्या ट्रान्स्फर होईल' हे गोड बोलणं ऐकू नये. आधी वर्क परमिट, मग राहण्याचा व्हिसा, असा रद्द करण्याचा क्रम असतो. त्यानंतर देशात किती दिवस राहता येईल हे व्हिसाच्या प्रकारानुसार बदलतं. मैत्रिणीला किती दिवस मिळाले ते न ऐकता आपल्या रद्दीकरणाच्या कागदावरची तारीख पाहावी.

बँकेचं काम व्हिसा रद्द होण्याआधीच उरकावं. क्रेडिट कार्ड बंद करून 'काहीही देणं बाकी नाही' असं पत्र घ्यावं. कार्डावर थकबाकी किंवा कर्ज असेल तर नोकरीचा शेवटचा हिशेब जमा होताच बँक ती रक्कम अडकवू शकते. आणखी एक गोष्ट ऐन वेळी हमखास राहते : तिथला मोबाइल नंबर. खात्याचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. सिम आधी बंद केलं आणि पैसे नंतर आले, तर ओझरहून किंवा मुंबईहून त्या खात्यात शिरण्याची सोय राहत नाही. शेवटचा पैसा भारतात पोचेपर्यंत नंबर प्रीपेडवर चालू ठेवावा.

आता अनुभवपत्र. 'या आमच्याकडे शिक्षिका होत्या' एवढ्या दोन ओळी पुढच्या नोकरीला पुरत नाहीत. रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, पद, मुलांचा वयोगट, वर्गातली पटसंख्या, अभ्यासक्रमाचं नाव, पूर्णवेळ की अर्धवेळ, सही करणाऱ्याचं पद, शिक्का आणि शाळेचा अधिकृत ईमेल, हे सगळं पत्रात हवं. नाव अगदी पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं, पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. पत्राचा मसुदा आपणच टाइप करून शाळेच्या कार्यालयाला द्यावा. तेही खूश होतात, कारण त्यांचं काम वाचतं.

अमिरात हेग अपोस्टिल करारात नाही, त्यामुळे एका अपोस्टिलवर (करारातले देश एकमेकांचे कागद ज्या एकाच प्रमाणपत्रावर खरे मानतात, त्यावर) भागत नाही. तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन तिथे असतानाच करून घ्यावं. खासगी शाळेच्या पत्रावर त्याआधी शिक्षण खात्याचा शिक्का लागतो का, ते शाळेच्या कार्यालयात विचारावं. पोलिसांचा चारित्र्य दाखलाही निघतानाच काढावा. पुढे कुठल्याही देशात लहान मुलांसोबत काम करायचं तर आधी राहिलेल्या देशाचा दाखला मागतात आणि तो नाशिकमध्ये बसून मिळवणं जास्त वेळखाऊ होतं.

प्रश्न : मी सिंगापूरमध्ये नर्सरीच्या वर्गाला शिकवते. डिसेंबरमध्ये करार संपतो. मुलं फार लळा लागलेली आहेत. त्यांना कधी आणि कसं सांगावं? शेवटच्या दिवशी मोठी पार्टी ठेवावी का? (माहेर कॉलेज रोड, नाशिक)

पार्टी ठेवू नये, हे आधीच सांगतो. केक, फुगे, भेटवस्तू आणि रडणाऱ्या टीचर, असा कार्यक्रम मोठ्यांच्या समाधानासाठी असतो. चार वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की काहीतरी भयंकर घडतंय आणि त्यासोबत केकही आहे.

क्रम असा ठेवा. आधी शाळेमार्फत पालकांना लेखी कळू द्या. त्यात तुमच्या जागी कोण येणार हेही असावं. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना आठवडाभर आधी सांगितलं तरी पुरे, चार-पाच वर्षांच्यांना दोन आठवडे. त्याहून आधी सांगितलं तर रोज 'आज जाणार?' हा प्रश्न येत राहतो, कारण 'पुढचा महिना' ही कल्पना त्या वयात पक्की नसते. शेवटच्या आठवड्यात भिंतीवर पाच रंगीत पट्ट्या लावा आणि रोज सकाळी एका मुलाला एक पट्टी काढू द्या. किती दिवस उरले ते मग डोळ्यांना दिसतं. वर्गात घरी चिनी, तमिळ, मलाय बोलणारी मुलं असतील तर शब्दांपेक्षा ही पट्टीच जास्त बोलते.

काय सांगायचं? साधं आणि खरं. "सुट्टीनंतर मी या वर्गात नसेन. नव्या टीचर असतील. तुझा कप्पा इथेच, मातीचं टेबल इथेच, गाणं तेच." बदलणारी गोष्ट एक, न बदलणाऱ्या तीन, अशा हिशेबाने बोला. 'मी फिरायला चाललेय' किंवा 'परत येईन' असं सांगू नका. मूल जानेवारीत दाराकडे बघत राहतं आणि नव्या टीचरला जवळ येऊ देत नाही. 'तू रडलास तर मलाही रडू येईल' हेही नको, त्याने तुम्हाला सांभाळायची जबाबदारी मुलावर पडते.

निरोपाची वेळ सकाळी मुलं गोल करून बसतात तेव्हाची ठेवा, घरी जायच्या वेळेची नको. सुटताना दारात पालक, दप्तरं, बसची घाई असते. सकाळी निरोप घेतला की नंतर खेळायला, डबा खायला, शांत व्हायला तीन तास मिळतात. शक्य असेल तर नव्या टीचरना शेवटच्या आठवड्यात निदान दोन दिवस वर्गात बसवा. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं मुलांजवळ बसून खेळावं, दुसऱ्या दिवशी हात धुवायला नेणं, डबा उघडून देणं ही कामं त्यांच्याकडे द्या. टीचर बदलल्याचं मुलांना गाण्याच्या तासापेक्षा अशा कामांत जास्त जाणवतं.

या काळात एखादं मूल पुन्हा चड्डी ओली करेल, चावेल, किंवा तुमच्याशी बोलणंच टाकेल. न बोलणाऱ्याला 'इतकं प्रेम केलं आणि हा बघतही नाही' म्हणून मनाला लावून घेऊ नका. त्याची निरोपाची तयारी सुरू झालेली असते.

प्रत्येक मुलामागे एक पान लिहून ठेवा : ॲलर्जी आणि औषध कुठे ठेवलंय, शू-पाणी यासाठी ते घरातला कोणता शब्द वापरतं, रडलं तर कशाने शांत होतं, झोपेची वेळ, कोण न्यायला येतं. ब्रिटिश पद्धतीचे सात शिक्षणविभाग भरून दहा पानं लिहिली तरी नव्या शिक्षिकेला पहिल्या सोमवारी उपयोगी पडतं ते हेच एक पान. वर्गातल्या मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये असतील तर ते शाळेला देऊन फोनमधून काढून टाका, इन्स्टाग्रामवर तर अजिबात नको. पालकांची भेट महाग असेल तर शाळेच्या नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांना दाखवून मगच स्वीकारा.

जाता जाता पैशांचं : सिंगापूरमध्ये परदेशी कर्मचारी नोकरी सोडतो तेव्हा मालकाला किमान एक महिना आधी आयआर-२१ हा कर चुकता करून घेण्याचा अर्ज भरावा लागतो, आणि तोवर तुमची देणी रोखून धरावी लागतात. म्हणजे शेवटचा पगार उशिरा येईल. तेवढी शिल्लक हाताशी ठेवा, शाळेवर रागावू नका.

प्रश्न : भाऊ टोकियोतल्या बालशाळेत आहे. पेन्शनचे पैसे कापले जातात. भारतात आल्यावर परत मिळतात का? (सातपूर, नाशिक)

मिळतात, पण तारखांकडे नीट लक्ष द्यावं लागतं. जपान सोडणाऱ्या परदेशी माणसाला पेन्शनच्या वर्गणीपैकी काही भाग एकरकमी परत मिळतो. किमान सहा महिने वर्गणी भरलेली हवी आणि तिथला पत्ता रद्द झाल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करायला हवा. नोकरीतल्या पेन्शन योजनेत ६ ते ११ महिने भरले असतील तर सरासरी मासिक पगाराच्या ०.५ पट, १२ ते १७ महिने भरले तर १.१ पट. सरासरी पगार २,५०,००० येन धरला, तर ११ महिन्यांना १,२५,००० आणि १२ महिन्यांना २,७५,००० येन. फरक एका महिन्याचा.

हा बारावा महिना एका दिवसासाठीही निसटतो. महिना मोजला जायला महिन्याच्या शेवटच्या दिवशी नोकरीत असावं लागतं. ३१ मार्चऐवजी ३० मार्चला नोकरी सोडली तर मार्च धरला जात नाही. कराराची तारीख आत्ताच बघायला सांगा.

या रकमेतून २०.४२ टक्के आयकर कापतात. वरच्या १२ महिन्यांच्या उदाहरणात ५६,१५५ येन जाऊन २,१८,८४५ हातात येतात. कापलेला करही परत मागता येतो. त्यासाठी जपानमध्ये राहणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला करप्रतिनिधी नेमून तसा अर्ज निघण्याआधी कर कार्यालयात द्यावा. निघताना महापालिकेत स्थलांतराची नोंदही करायला हवी. त्या नोंदीशिवाय पत्ता रद्द होत नाही आणि पेन्शनचा अर्ज अडतो. पैसे भारतातल्या खात्यात घेता येतात, खातं मात्र त्याच्याच नावावर असावं.

भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यात दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. एकरकमी पैसे घेतले की जपानमधला तो काळ पुसला जातो. एकाच वर्षाची नोकरी असेल आणि परत जायचा विचार नसेल तर पैसे घेणंच बरं. दुसऱ्या वर्षी पुन्हा जाणार असेल तर थांबावं.

प्रश्न : १० ऑगस्ट २०२४ ला दुबईला गेले, ५ जुलै २०२५ ला परत आले. तिकडे कर नव्हता, मग इथे रिटर्नमध्ये काय दाखवायचं? आणि नाशिकच्या शाळांत या अनुभवाला किंमत आहे का? (पाथर्डी फाटा, नाशिक)

२०२४-२५ मध्ये तुम्ही भारतात १३२ दिवस होता. नोकरीसाठी गेल्यामुळे १८२ दिवसांची मर्यादा लागते, म्हणून त्या वर्षी तुम्ही अनिवासी. दुबईचा पगार इथे करपात्र नाही. २०२५-२६ मध्ये मात्र ५ जुलैपासून ३१ मार्चपर्यंत २७० दिवस भरतात, तुम्ही निवासी झालात. त्यामुळे १ एप्रिल २०२५ पासून परतेपर्यंतचा तिथला पगार भारतातल्या उत्पन्नात धरावा लागतो. तिथे कर भरलेला नाही, म्हणून वजावटही नाही. 'परदेशातला पैसा, इथे काय संबंध' असं म्हणून बरेच जण हे तीन महिने सोडून देतात आणि नोटीस आल्यावर धावतात. तिथलं बँक खातं चालू असेल तर ते परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवा आणि त्याआधी करसल्लागाराशी बोला. इथलं एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल तर परतल्याचं बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्या.

नोकरीचं म्हणाल, तर अनुभवाला किंमत आहे, पण तुमच्या परतण्याची वेळ अडचणीची आहे. सीबीएसई शाळा एप्रिलला सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्याला. जुलैत फक्त कोणी अचानक सोडून गेल्याच्या जागा मिळतात. खरी निवड जानेवारी ते मार्चमध्ये होते. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी किंवा सीटीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा हवी, परदेशी वर्ष त्याची जागा घेत नाही. पूर्वप्राथमिकला शाळा नमुना पाठ बघतात. तिथे तीस मुलं समोर असतील असं धरून तयारी करा. इंग्लंडच्या पद्धतीत तीन वर्षांपुढच्या मुलांना एका मोठ्या माणसामागे आठ किंवा, पात्र शिक्षक असेल तर, तेरा मुलं असं प्रमाण असतं. तिथले उपक्रम इथे जसेच्या तसे मांडले तर पाच मुलं खेळतात आणि पंचवीस भांडतात. एकाच खेळाचे चार-पाच संच करून मुलांचे गट पाडा.

साहित्य सामानात भरून आणायची गरज नव्हती, आणलं असेल तर असू द्या. ओतायची छोटी भांडी, चिमटे, झाकणाच्या डब्या, वाट्या यांचे हवे तितके संच आपल्या भांडी बाजारात मिळतात. चिमटा घेताना दाबून बघा, तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांना फार कडक नको.