शहाबादी फरशीत शिंपले का दिसत नाहीत?

प्रश्न: आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घरात सगळीकडे शहाबादी फरशी आहे. मुलाच्या पुस्तकात दिलंय की चुनखडक समुद्रातल्या शंख-शिंपल्यांपासून बनतो, म्हणून आम्ही दोघांनी भिंग घेऊन अख्खी ओटी तपासली, एकही शिंपला नाही! आणि शहाबादला समुद्र कुठून आला? – एक वाचक, पुणे

उत्तर: आधी मुलाला शाबासकी द्या. पुस्तकातलं चूक नाहीये, पण अर्धंच आहे. शिंपले, प्रवाळ वगैरेंचा चुरा साठून चुनखडक होतो हे खरं, पण शहाबादचा दगड 54 कोटी वर्षांहून जुना, तेव्हा शिंपलेवाले प्राणी जन्मालाच यायचे होते, मग दिसणार कुठून?

तिथला चुना आला तो थेट पाण्यातून. नद्या खडकांमधलं कॅल्शियम विरघळवून समुद्रात आणतात आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल तोवर चुना विरघळलेलाच राहतो. पाणी तापलं की गॅस निघून जातो आणि चुना खाली बसतो. बोअरचं पाणी असेल तर गीझरची कॉइल उघडून बघा, तोच पांढरा थर. उथळ समुद्रात ऊन तळापर्यंत पोचतं म्हणून पाणी कोमट राहतं, वर तळाशी सूक्ष्मजीवांचे चिकट थर वाढतात, ते ऊन खाऊन जगतात आणि त्यासाठी पाण्यातला उरलासुरला कार्बन डायऑक्साइड पण ओढून घेतात, की मग चुन्याचा बारीक चिखल साठत जातो आणि पुढे वरच्या थरांच्या वजनानं दाबून त्याचा दगड होतो. खोल समुद्रात बरोबर उलटं, चार-पाच किलोमीटरखाली थंडी आणि दाब इतका की वरून पडलेला चुनासुद्धा विरघळून जातो.

आता फरशीची तुटलेली कड बघा. पातळ पातळ थर दिसतील, मधे कुठेकुठे मातकट रेघ. नदीचा गाळ आला की ती रेघ, पाणी निवळलं की परत चुना. छिन्नी मारली की लादी सरळ सुटते ती या थरांमुळेच.

समुद्र म्हणाल तर तो आजचा अरबी समुद्र नव्हे. जमिनीचा सखल भाग होता, त्यात पाणी शिरलेलं, भूशास्त्रात त्याला भीमा खोरं म्हणतात. आपला पुण्याचा काळा दगड साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणजे तुमची फरशी घराखालच्या खडकापेक्षा किमान आठपट जुनी! सोलापूर, कलबुर्गी मागं टाकून गाडी वाडी जंक्शनकडे निघाली की मधे शहाबाद स्टेशन लागतं, त्या भागात खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत ते याच चुनखडकावर.

खात्री करायची तर कोपऱ्यात खिळ्यानं थोडी भुकटी काढून लिंबू पिळा, बुडबुडे येतील. पण कोपऱ्यातच हां, पॉलिश उडतं आणि डाग जात नाही. शिंपलेच बघायचे असतील तर जैसलमेरचा पिवळा दगड शोधा, तो ज्युरासिक काळातल्या समुद्रातला, त्यात नशीब असेल तर सापडतील.