भाचा सुटला की त्याला शिक्षा झाली?

प्रश्न : माझ्या २० वर्षांच्या भाच्याने बांधाच्या भांडणात चुलत्याला काठीने मारलं. कोर्टाने मागच्या महिन्यात त्याला दोषी धरलं पण जेल दिली नाही, २ वर्षांच्या बॉन्डवर सोडलं आणि प्रोबेशन ऑफिसरला भेटत राहायला सांगितलंय. गावात सगळे म्हणतात पोरगं निर्दोष सुटलं, पेढेही वाटून झाले. आता त्याला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचाय, कधी दोषी ठरला आहात का या रकान्यात 'नाही' लिहिलं तर चालेल ना?
– एक मामा, सांगली जिल्हा

उत्तर : मामा, नाही चालणार. आणि पेढ्यांची जरा घाईच झाली म्हणायची.

निर्दोष सुटणं वेगळं आणि प्रोबेशन वेगळं. १९५८ च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्टमध्ये कोर्ट आधी माणसाला दोषी ठरवतं आणि मग शिक्षा किती हे सांगायच्या जागी थांबतं, म्हणतं की तू आता बॉन्ड लिहून दे, नीट वाग, बोलावलं की हजर हो. हा बॉन्ड जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो. म्हणजे शिक्षा माफ नाही झालेली, ती डोक्यावर टांगून ठेवलीय. जामिनाशी पण याची गल्लत करू नका, जामिनावर असतो तेव्हा बहुतेक वेळा गुन्हा अजून सिद्धच झालेला नसतो, आणि पॅरोलवर येतो तो आधी तुरुंगात गेलेला असतो.

तुमच्या भाच्याला वयाने हात दिला असणार. याच कायद्याचं कलम ६ असं आहे की आरोपी २१ च्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर कोर्टाला त्याला सरळ जेलमध्ये पाठवता येत नाही, आधी प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवावा लागतो आणि तरी पाठवायचंच असेल तर कारण लिहावं लागतं. यात वय मोजतात ते निकालाच्या दिवशीचं, काठी उगारली त्या दिवशीचं नाही, सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच हे सांगितलंय. त्यामुळे केस आणखी वर्षभर रखडली असती तर हे कलम हातातून गेलं असतं, कलम ४ खाली प्रोबेशन मागता आलं असतं पण तिथे सगळं कोर्टाच्या मर्जीवर. मोठ्यांनाही प्रोबेशन मिळतं हो, पण बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला तर ते देऊ नये अशी भूमिका सुप्रीम कोर्टाने २००० साली घेतलीय.

आता हजेरीचं. ऑफिसर नुसती सही घेत नाही, कुठे राहतो, काय काम करतो, दारू पितो का सगळं बघतो. अट मोडली तर कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. पहिल्याच चुकीला फक्त दंड करून सोडायची सोय आहे आणि तो दंड किती तर जास्तीत जास्त ५० रुपये, १९५८ चा आकडा! पण त्या ५० रुपयांवर भरवसा ठेवून राहू नका, पहिल्या चुकीलाही जेल द्यायची मोकळीक कोर्टाला आहेच.

फॉर्मचं म्हणाल तर कलम १२ तुमच्या बाजूचं आहे, प्रोबेशनवर सुटलेल्याला दोषी ठरल्यामुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. पण दोषी ठरवल्याचा निकाल त्याने पुसला जात नाही, हेही सुप्रीम कोर्टाने १९९० च्या बक्षी राम केसमध्ये स्पष्ट केलंय (तो माणूस सरकारी नोकरीतलाच होता). म्हणजे भरतीवाले त्याचं चारित्र्य तपासणार आणि काय ठरवायचं ते त्यांच्या हातात. खरं लिहिलं तर निदान बाजू मांडता येईल. लपवलं आणि व्हेरिफिकेशनमध्ये सापडलं, आणि गावातल्या केसमध्ये भावकीतलंच कोणीतरी कळवतं बरं का, तर लागलेली नोकरी पण जाऊ शकते आणि तेव्हा मारामारीपेक्षा खोटं लिहिलं हाच मुद्दा मोठा होतो.

तेव्हा 'हो' लिहा आणि निकालाची सर्टिफाइड कॉपी आत्ताच काढून ठेवा, व्हेरिफिकेशनच्या वेळी मागितली की नकलेसाठी कोर्टात हेलपाटे पडतात. भरतीच्या तयारीसाठी तो पुण्याला रूम घेऊन राहणार असेल तर जायच्या आधी प्रोबेशन ऑफिसरला सांगा, बॉन्डमध्ये राहण्याच्या जागेची अट असेल तर कोर्टाची परवानगीही लागेल.