घरी गाडी पॉलिश करायला कॉर्डलेस मशीन घेऊ की वायरवालं?

मालवणात घराच्या खळ्यात वर्षातनं एक-दोनदाच पॉलिश करायचं असेल तर वायरवालंच घ्या, आणि तेही डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन, ज्यात पॅड फिरता फिरता थोडं डगमगतंही. नवख्या हाताला रोटरी, म्हणजे पॅड नुसतं गोल फिरवणारं मशीन, नको, एका जागी जरा जास्त रेंगाळलं की पेंट तापतो आणि क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) गेला की तो परत येत नाही.

कॉर्डलेस हातात मस्त वाटतं, पण उन्हात दिसणारे ते बारीक गोल ओरखडे काढायचे तर मशीन दाबून सलग चालवावं लागतं आणि १८ व्होल्टची ५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची बॅटरी अशा कामात साधारण अर्धा तासच टिकते, म्हणजे गाडी पूर्ण व्हायच्या आत बदलावी लागते, मग जास्तीच्या बॅटऱ्यांचा खर्च वेगळाच. लाईटचा भरवसा नाही म्हणाल तर पावसात उघड्यावर पॉलिश कोण करतंय, हे काम दिवाळीनंतरचं.

७००-९०० वॉटचं मशीन घरच्या साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर चालतं. एक्स्टेन्शन मात्र १.५ स्क्वेअर एमएमची, अर्थिंगसकट घ्या आणि वायर खांद्यावरून पाठीमागे टाका, बॉनेटवर घासत नाही.

मशीनपेक्षा महत्त्वाचं म्हणजे चिऱ्याची लाल धूळ आणि खाऱ्या हवेचा थर आधी शाम्पूने नीट धुवा, मग क्ले बार (पेंटला चिकटलेले कण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा, नाहीतर तेच कण पॅडखाली रगडून नवीन ओरखडे पडतील. पॅड खाली पडलं तर धुतल्याशिवाय परत लावूच नका.

कॉर्डलेस नंतर घ्यायचंच तर ३ इंची छोटं घ्या, बंपरचे कोपरे, आरसे, पिलर (काचांमधले खांब) अशा अडचणीच्या जागी ते खरंच कामाला येतं.