पु. ल. देशपांडे रेडिओ-टीव्हीवर फक्त आवाज देत होते की निर्मातेही होते?

निर्मातेही होते, ती त्यांची नोकरीच होती. १९५५ मध्ये ते आकाशवाणीत लागले, पुढे बीबीसीत प्रशिक्षण घेतलं आणि दिल्लीत १९५९ ला दूरदर्शन सुरू झाल्यावर अगदी सुरुवातीच्या काळात पंडित नेहरूंची मुलाखत त्यांनी घेतली. लेखन, चाली, पेटी, अभिनय सगळं एकाच माणसाकडे! श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात, ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही. पात्राचं वय, गाव, स्वभाव सगळं आवाजातूनच कळायला हवं. एकपात्री प्रयोगात पाच-सहा माणसं ते नुसत्या आवाजाने उभी करत, त्यामागे माइकसमोरची ही सवय आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त एक, रेडिओ आणि टीव्हीच्या केंद्रांची गल्लत नको: पुण्यात १९५३ पासून होतं ते रेडिओ केंद्र. त्यांचं टीव्हीचं सुरुवातीचं काम दिल्लीतलं. मुंबई दूरदर्शन तर १९७२ चं.