पात्रांमधली नाती नियमांत कशी बसवायची
रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो आणि फासे टाकून निकाल लागतो. असा गेम बनवताना ‘अमुक माझा मित्र’ असं कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, लिहून घेतलंस, तर पुढच्या सेशनला (खेळाच्या बैठकीला) ते कोणाच्या लक्षातही नसतं. खटका उडेल असं अर्धवट वाक्य दे: ‘___ माझ्यापासून काहीतरी लपवतोय.’ प्रत्येकाला अशी दोनच पुरेत. मग ती फाशांना जोड. ‘डन्जन वर्ल्ड’ या गेममध्ये मदत करताना २ फाशांची बेरीज अधिक त्या पात्राशी असलेले बंध (अशी वाक्यं) मोजतात, सेशनअखेर एखादा बंध निकाली निघाला की एक्सपी (अनुभवगुण) मिळतो आणि नवा लिहायचा.

खरी मेख आकडा वाढत राहण्यात आहे. ७ ला यश धरलं तर +३ वर, म्हणजे तीन बंध असताना, मदत ३६ पैकी ३ वेळाच फसते. मग नातं बदलायला कोण जातंय! ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या गेममध्ये नात्याचा आकडा +४ झाला की तो +१ वर येतो, वर अनुभवगुण. हे बिनधास्त उचल. फसलेल्या मदतीची झळ मदत करणाऱ्यालाही लागू दे, नाहीतर दर फाशाला सगळं टेबल ‘मीपण, मीपण’ करतं.